मुलीने ॲपमध्ये रोज ११० लिहिलं. मुलांच्या शुगरच्या ॲपमध्ये आमचं नेमकं काय चुकलं?

कागदी_होडी (पुणे)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, आधीच सॉरी.

मी यूएक्स डिझायनर आहे, दिवसा बँकेच्या ॲपची बटणं इकडून तिकडे सरकवते आणि शनिवार-रविवार आम्ही तिघं मिळून टाइप वन डायबेटिस (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, म्हणून ते रोज टोचावं लागतं) असलेल्या ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी एक मराठी ॲप करतोय, फुकट, बिझनेस प्लॅन वगैरे काही नाही. कारण घरचंच आहे. माझी भाची दहा वर्षांची, सहाव्या वर्षी निदान झालं, तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं आणि पाच-सहा वेळा बोट टोचून शुगर बघणं. सगळं घर तिच्या शुगरभोवती फिरतं पण तिला स्वतःला कोणी काही विचारत नाही. डॉक्टरांकडे गेलं की प्रश्न ताईला, "जेवण कसं आहे हिचं, रात्री उठते का", आणि ही बाजूच्या खुर्चीत पाय हलवत बसलेली. मला वाटलं तिच्या हातात काहीतरी द्यावं, तिचं ती नोंदवेल, तिचं ती सांगेल.

पहिली आवृत्ती अशी होती. मुलीने मीटरवर शुगर बघायची, आकडा ॲपमध्ये टाकायचा, ७० ते १८० मध्ये असेल तर हिरवा रंग आणि एक स्टार, दहा स्टार झाले की स्क्रीनवरच्या मांजरीला नवीन कपडा. सहा आठवडे नुसतं हिरवंगार. आम्ही तिघं हवेत, मी तर स्क्रीनशॉट काढून प्रेझेंटेशनमध्ये टाकला होता.

मग एचबीएवनसी केली, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, आली १०.१ टक्के. म्हणजे सरासरी २४० च्या आसपास शुगर. ताईने मीटरची मेमरी उघडली तर ३१२, २७८, २९५ आणि एक दिवस दुपारी ६१. त्याच दिवशी ॲपमध्ये ११०. रोजच ११०, ११२, १०८, मध्येच बदल म्हणून एखादा १२४. मला त्या ६१ नेच घाम फुटला, पोरगी शाळेतून आली, थरथरत असणार, स्वतःच काहीतरी गोड खाल्लं असणार आणि मग शांतपणे ११० लिहिलं.

मी तिला रागावले नाही, ताई रागावली. नंतर गच्चीवर बसलो होतो तेव्हा विचारलं तर म्हणाली, "मावशी, मग मांजरीला फ्रॉक कसा मिळणार?" आणि थोड्या वेळाने, आपणहून, "तीनशे लिहिलं की आई गप्प होते."

तेव्हापासून काम बंद आहे. आमच्यातला एक म्हणतो सोपं आहे, ब्लूटूथवालं मीटर घेऊ, आकडा थेट ॲपमध्ये येईल, खोटं लिहायचा प्रश्नच नाही. मला हे पटत नाहीये पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाहीये. तुमच्यात कोणी मुलांबरोबर काम करणारे, पालक, किंवा स्वतः लहानपणी यातून गेलेले असतील तर सांगा प्लीज. मुलाच्या हातात नेमकं काय द्यायचं?

---

बालविभाग_सिस्टर

ताई, आधी एक सांगते, पोरगी खोटारडी नाही. तुम्ही परीक्षा घेतली, तिने पास होऊन दाखवलं, एवढंच झालं.

स्टार आकड्याला दिला तिथेच चूक झाली. शुगर काय येणार ते तिच्या एकटीच्या हातात नसतं हो. ताप आला, घाबरली, वाढ होतेय, इन्सुलिन उन्हात राहिलं, काहीही कारण असू शकतं. बघणं मात्र तिच्या हातात असतं. स्टार द्यायचाच तर बघितल्याबद्दल द्या, ३१२ आला तरी तोच स्टार. उलट ३१२ लिहायला जास्त हिंमत लागते. आणि "चांगली शुगर", "खराब शुगर" हे शब्द ॲपमधून काढून टाका, लाल रंग काढा, फुली काढा. जास्त, कमी, मध्ये, बस. वॉर्डात मी हे वीस-बावीस वर्षं बघतेय, "काय गं, शुगर वाढवून ठेवलीस?" असं राउंडला कोणी म्हणालं की पुढच्या वेळी त्या मुलाची वही एकदम स्वच्छ येते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली. आम्हाला कळतं.

दुसरं, हातात काय द्यायचं. खरी निवड द्या, खोटी नको. "सुई घ्यायची का?" हे विचारूच नका, कारण ती नाही म्हणाली तरी तुम्ही देणारच आहात, मग विचारलं कशाला? कुठल्या बोटाला टोचायचं, डावी मांडी की उजवी, बसून की झोपून, स्वतः मोजायचं एक दोन तीन की मी मोजू, या खऱ्या निवडी. शरीराचं एक चित्र द्या, पोट, मांड्या, दंड, कुल्ले, आणि काल-परवा जिथे टोचलं ती जागा फिकी करा, आजची जागा ती बोटाने निवडेल. यात खेळ कमी आणि औषध जास्त आहे, कारण मुलं एकाच जागी टोचून घेतात, तिथे दुखत नाही म्हणून, आणि मग गाठ होते आणि गाठीत दिलेलं इन्सुलिन नीट लागत नाही. तुमच्या भाचीच्या २७८ चं एखादं कारण तिथेही असू शकेल, डॉक्टरांना गाठी बघायला सांगा.

आणखी एक, चेहरे वापरत असाल तर जपून. दुखण्याची सहा चेहऱ्यांची पट्टी सगळ्यांनी पाहिली असेल, वाँग-बेकर नावाची, ८० च्या दशकातली. तिच्यात पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा रडका. आता मूल दुखत नसेल पण आईची आठवण येतेय म्हणून रडवेलं असेल तर ते रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. आणि दुखत नाही, पण हसावंसंही वाटत नाही, त्याने कुठे बोट ठेवायचं? म्हणून २००१ मध्ये सुधारलेली दुसरी पट्टी आली तिच्यात पहिला चेहरा साधा आहे, हसू नाही, अश्रू नाहीत. तुमच्या मांजरीचंही तेच बघा, आकडा जास्त आला की मांजर रडते का? रडत असेल तर आधी ते बंद करा.

---

रोखठोक_७७

मला हे सगळं जरा अतीच वाटतं. दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं? जिवाचा प्रश्न आहे, शुगर ६१ झाली होती! आईबापाने मीटर धरायचं, आईबापाने लिहायचं, ब्लूटूथ लावा आणि विषय संपवा. आमच्या लहानपणी औषध नाक दाबून पाजायचे, काय बिघडलं.

---

पंधरा_ग्रॅम

@रोखठोक काका, बिघडलं ते मी सांगतो 😀

मी २० वर्षांचा, नाशिकला इंजिनीअरिंगला, सातव्या वर्षापासून टाइप वन. ब्लूटूथ लावून विषय संपत नाही, ती मीटरला फसवेल. मी सहावीत असताना मित्राचं रक्त लावलंय स्ट्रिपवर, मस्त ९६ आला, आई खूश. (सुई नवीन वापरली होती, तेवढी अक्कल होती.) मीटर बरोबर चालतंय का ते तपासायला जे कंट्रोल सोल्युशन मिळतं तेही लावलंय. आणि तेच पकडलं गेलं, कारण ते दर वेळी एकाच आकड्याच्या आसपास येतं. तर ताई तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे, खोटं बोलायची जागा बंद केली म्हणून खोटं बोलायचं कारण संपत नाही.

कारण तिने सांगितलंय की. आई गप्प होते. माझी आई गप्प नव्हती होत, ती लगेच "काय खाल्लंस?" म्हणायची. आजही कोणी काय खाल्लंस विचारलं की माझे खांदे वर जातात.

नववीत मला सेन्सर लावला, दंडावर चिकटवतात आणि दिवसभर आपोआप शुगर मोजतो तो, तेव्हा मला वाटलं सुटलो. तर आकडा आईच्या फोनवरही जायचा. शाळेत फोन चालत नाही म्हणून माझा फोन ऑफिसात जमा, रेंज असेपर्यंत आकडे जायचे आणि तिला तिच्या ऑफिसात बसून माझी शुगर दिसायची. २२० झाली की शाळेत फोन. मग शिपाईकाका वर्गाच्या दारात येऊन, "सर, याला ऑफिसात बोलावलंय, शुगर बघायला." सगळा वर्ग वळून बघणार. आठवड्यातून तीनदा. मी दोन महिन्यांनी सेन्सर बाथरूममध्ये उपटून फेकला आणि पडला म्हणून सांगितलं. आईचा राग नाही आता, ती घाबरलेली होती, पण ते मशीन तिच्या भीतीसाठी बनवलेलं होतं, माझ्यासाठी नव्हतं.

मला तेव्हा काय हवं होतं ते सांगतो, तुम्ही बनवा. ७० च्या खाली गेली तर आईला लगेच कळू दे, त्यात वाद नाही, कमी शुगरमध्ये डोकं चालत नाही हे मला माहितीये, तेव्हा मला निवड वगैरे नकोच. पण जास्त झाली तर पहिली वीस मिनिटं माझी. माझ्या स्क्रीनवर येऊ दे, मी "बघतो मी" दाबेन, पाणी पिईन, दुरुस्तीचा डोस, म्हणजे शुगर उतरवायला जादा इन्सुलिन, लागतोय का ते ठरलेल्या तक्त्यात बघेन. वीस मिनिटांत काहीच केलं नाही तर मग जाऊ दे आईला. ही वीस मिनिटं किती द्यायची ते वयाप्रमाणे डॉक्टर, आई आणि मूल तिघांनी बसून ठरवायचं. दहा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं द्या, पण तिची म्हणून द्या.

आणि मला "शूर" म्हणणारं ॲप नको होतं. सगळे शूर म्हणतात. मला एक प्रश्न विचारायचा होता डॉक्टरांना, की सहलीला रात्री राहायला जाऊ शकतो का. दोन वर्षं विचारायचा होता. दर वेळी डॉक्टर आईशी बोलायचे, आई उठायची, संपलं.

---

कागदी_होडी (पुणे)

@पंधरा_ग्रॅम दादा, मित्राचं रक्त!!! हे वाचून मी खुर्चीतून उठले. सहलीचा प्रश्न शेवटी विचारलास का?

---

पंधरा_ग्रॅम

नाही, दहावीत गेलो तेव्हा सहली बंद झाल्या.

---

बार्शीकर_बाबा

नमस्कार. मुलगा आठ वर्षांचा, आमचंही टाइप वन, तीन वर्षं झाली. डिझाइनमधलं मला काही कळत नाही पण एक विचारतो, हे ॲप कुणाच्या फोनवर चालणार? आमच्या घरात चांगला फोन एक, तो माझा, आणि तो दिवसभर माझ्याबरोबर दुकानात असतो. बायकोचा फोन आहे पण त्यात जागा नाही, एक ॲप टाकलं की दुसरं काढावं लागतं. पोराच्या हातात फोन येतो रात्री नऊला आणि तेव्हा त्याला शुगर लिहायची नसते, क्रिकेट बघायचं असतं. तर मुलाच्या हातात ॲप म्हणता ते खरं तर बापाच्या हातात आहे.

आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. डायबेटिसच्या मुलांच्या शिबिरात एक चित्रांचा कागद दिला होता, तो स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलाय. शुगर कमी झाली की काय वाटतं त्याची चित्रं आणि मग तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबा, परत बघा. पण त्यात लिहिलं होतं "अस्वस्थता". पोरगा म्हणाला बाबा अस्वस्थता म्हणजे काय? मी म्हटलं तुला कमी झाली की काय होतं? तर म्हणाला डोक्यात पंखा फिरतो. मग आम्ही अस्वस्थता खोडून पंख्याचं चित्र काढलं. आता शाळेत बाईंनाही सांगून ठेवलंय, पंखा फिरतोय म्हणाला की साखर द्यायची, बाकी काही विचारायचं नाही.

आणि गंमत सांगतो, मागच्या महिन्यात मी नव्हतो, बायको बाहेर, घरात माझी आई एकटी. पोराला कमी वाटायला लागलं. आईने देवापुढचा पेढा आणून दिला. तर पोरगा म्हणाला आजी पेढा नको, त्यात खवा आहे, वेळ लागतो, साखर दे. आईने मला रात्री सांगितलं, तुझं पोरगं मला शिकवतंय म्हणून. रागावली होती की कौतुक करत होती कळलं नाही, पण साखर दिली तिने.

@रोखठोक साहेब, कळतं त्यांना. आपल्यापेक्षा आधी कळतं, अंग त्यांचं असतं.

---

टोरंटोची_थंडी

मूळची ठाण्याची, आता टोरंटोत, सॉफ्टवेअरवाली. इथल्या सिककिड्स या मुलांच्या हॉस्पिटलच्या टीमने पेन स्क्वॉड म्हणून एक ॲप केलं होतं त्याबद्दल लिहिते कारण तुमच्या स्टारच्या भानगडीचं उत्तर त्यात बरंचसं आहे.

कॅन्सरच्या ९ ते १८ वयाच्या मुलांनी दिवसातून दोनदा दुखणं नोंदवायचं, कुठे दुखतं ते शरीराच्या चित्रावर दाखवायचं, किती, कसं, कशाने कमी झालं. आता केमो चालू असताना असले प्रश्न दिवसातून दोनदा कोण भरणार? तर त्यांनी गोष्ट अशी रचली की तू पोलिसांच्या खास तुकडीत आहेस, दुखण्याचा शोध लावायचाय, सलग नोंदी केल्या की बढती, साध्या शिपायापासून थेट प्रमुखापर्यंत. आणि कॅनडातल्या पोलिसांच्या टीव्ही मालिकांमधल्या खऱ्या कलाकारांनी व्हिडिओ करून दिले, शाबास, तुझी माहिती तुकडीच्या कामाची आहे असे. बढती मिळते ती नोंद केल्याची, दुखणं कमी असल्याची नाही. दहापैकी नऊ दुखतंय असं लिहिलं तरी बढती होतेच. पुढच्या आवृत्तीत दुखणं टिकून राहिलं तर नर्सला कळेल अशी सोयही केली. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, पोराने सांगितलं आणि पलीकडे खरंच कोणीतरी ऐकलं.

दुसरं नॉर्वेचं, ओस्लोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये झालेलं सिसोम. नाव नॉर्वेजियन आहे, अर्थ साधारण "जसं आहे तसं सांग" असा. कॅन्सरच्या ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी. मूल आपलं एक पात्र निवडतं आणि होडीतून बेटाबेटांवर जातं. एक बेट शरीराचं, एक हॉस्पिटलचं, एक विचार आणि भावनांचं, एक ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांचं, अशी पाच. तिथे बोलकी चित्रं आहेत, मूल दाखवतं की हे मला होतं आणि किती त्रास होतो. शेवटी त्याचा एक सारांश निघतो आणि तो डॉक्टर-नर्सशी बोलणं सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हातात असतो. पंधरा_ग्रॅमचा सहलीचा प्रश्न अशा एखाद्या बेटावर सुटला असता असं वाटून गेलं. (आणि तुमचं नाव कागदी_होडी, हा योगायोग भारी आहे!)

एक गोष्ट मात्र मला खटकते. सिसोमच्या डिझाइनच्या बैठकांना त्यांनी शाळेतली निरोगी मुलं घेतली होती, आजारी मुलांवर आणखी एक ओझं नको म्हणून. हेतू चांगला, मुलांनी कल्पनाही भरपूर दिल्या असतील, पण "आई गप्प होते" हे निरोगी मूल कधी सांगू शकलं असतं का? तुम्ही काम बंद ठेवलंय म्हणता, पण तुमच्या टीमला आत्तापर्यंत मिळालेली सगळ्यात चांगली डिझायनर तीच आहे असं मला वाटतं.

---

नियम_आणि_अटी

जरा कोरडा मुद्दा. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा बघून घ्या. त्यात १८ खालचं प्रत्येक जण मूल, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी. दवाखान्यांना काही सवलती आहेत पण तुम्ही दवाखाना नाही, तीन जण आणि एक मांजर आहात. तेव्हा जमेल तेवढा डेटा फोनवरच ठेवा, सर्व्हरवर नेऊच नका, निम्मी डोकेदुखी संपेल.

पण कायदा पालकाला विचारा म्हणतो, मुलाला विचारा म्हणत नाही, हे लक्षात ठेवा. संशोधनात वेगळं आहे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी सहमती घ्यायची आणि १२ च्या पुढे लेखी, पालकांची संमती वेगळी. तुमचा अभ्यास नसेल, साधं ॲप असेल, तरी ही पद्धत उचला. पहिल्या स्क्रीनवर मुलाला सांगा की तू लिहिशील ते कोण कोण बघणार आहे. नावानिशी. "आई बघेल, डॉक्टर बघतील, मावशी बघणार नाही." १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा करार मान्य केला त्याच्या बाराव्या कलमात मुलाचं मत ऐकून त्याला वजन द्या असंच आहे, पण ते कलम भिंतीवर लावून काही होत नाही, स्क्रीनवर आलं तर होईल.

---

स्पीचवाली

मी बोलता न येणाऱ्या मुलांबरोबर काम करते, त्यामुळे थोडं बाजूचं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. त्यात चित्रांच्या दोन्ही बाजूंना सहा बटणं कायम असतात, आवडतं, हो, आणखी, आवडत नाही, नाही, कमी. मला त्यातली शेवटची तीन फार मोलाची वाटतात. बहुतेक ॲप्समध्ये मुलाला नको म्हणायची जागाच नसते, "पुढे" हे एकच बटण.

पण अनुभवाचं सांगते, बटण असून भागत नाही. मूल "नाही" दाबतं, आपण हो हो बाळा म्हणत तेच करतो. असं दोन-तीनदा झालं की ते बटण दाबणं बंद करतं आणि आपण रिपोर्टात लिहितो की मुलाचा प्रतिसाद कमी आहे. तुमच्या ॲपमध्ये नको असेल तर त्या नकोनंतर काहीतरी बदललं पाहिजे, लहानसं का होईना. आत्ता नाही, दहा मिनिटांनी. या बोटाला नाही, त्या बोटाला. काहीच बदलणार नसेल तर नको चं बटण ठेवू नका, त्यापेक्षा न ठेवलेलं बरं.

---

बालविभाग_सिस्टर

स्पीचवाली ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

आणि रोखठोक साहेबांच्या बोलण्यातही एक गोष्ट घेण्यासारखी आहे बरं का, उगाच झोडपू नका त्यांना. भाग घेणं म्हणजे सगळं मुलाच्या गळ्यात टाकणं नाही. काही घरांत उलटं होतं, पोरगं हुशार आहे, दहाव्या वर्षीच सगळं स्वतः करतं म्हणून आईबाप हात काढून घेतात, आणि वर्षभरात शुगर हाताबाहेर. डोस मोजणं, रात्रीचं बघणं, आजारपणातले निर्णय, यात मोठं माणूस शेजारी हवंच, चांगलं चौदा-पंधरा वर्षांपर्यंत हवं. मुलाने करावं आणि मोठ्याने बाजूला असावं. ॲपमध्येही "मी केलं" च्या शेजारी "आम्ही मिळून केलं" असं एक बटण असू दे.

---

रोखठोक_७७

झोडपलं तरी चालेल. पेढ्याचा किस्सा आवडला.

---

कागदी_होडी (पुणे)

तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे आभार, खरंच, यातलं किती घेतलंय ते सांगते.

मागच्या रविवारी पाच मुलांना बोलावलं, भाची धरून, सगळी टाइप वन, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात. आयांना खालच्या मजल्यावर चहाला बसवलं. मुलांना जुनं ॲप कागदावर छापून दिलं, कात्री दिली आणि सांगितलं की जे आवडत नाही ते कापून टाका. पहिल्या पाच मिनिटांत पाचही जणांनी स्टार कापले. एकाने मांजरही कापली, कारण विचारलं तर म्हणाला मला कुत्रा आवडतो, म्हणजे सगळ्या गोष्टींना खोल अर्थ नसतो हेही कळलं.

बदल असे. आकड्याला काही मिळत नाही, बघितल्याला मिळतं, ३१२ ला आणि ११० ला सारखंच. लाल-हिरवं गेलं, जांभळा आणि पिवळा आला, मुलांनीच निवडले. टोचायच्या जागेचं चित्र केलं (सिस्टर, डॉक्टरांनी बघितलं, डाव्या मांडीला खरंच गाठ होती, आता तिथे महिनाभर सुट्टी). कमी शुगर आईला लगेच जाते, जास्त असेल तर भाचीची दहा मिनिटं. पाच म्हटलं होतं दादा, पण तिने पंधरा मागितली, ताईने पाच म्हटलं, दहावर तुटलं, भाजीवाल्याकडे करतात तसं. "डोक्यात पंखा फिरतो" आलंय, शिवाय एका मुलीचं "गुडघे पाणी होतात" आणि एकाचं "सगळ्यांचा राग येतो" हेही आलंय, मुलं आपले शब्द स्वतः टाकू शकतात. आणि एक बटण मी कधीच ठेवलं नसतं ते मुलांनी मागितलं, "आज सांगायचं नाही". ते दाबलं की ॲप काही विचारत नाही, आईला फक्त एवढं जातं की आज शेजारी बस आणि मीटर दोघी मिळून बघा.

ताईच्या फोनवरचं मात्र सगळ्यात अवघड गेलं. जास्त शुगर आली की तिच्या स्क्रीनवर आधी आकडा न येता "तिने स्वतः बघितली" असं येतं, मग आकडा. ताई म्हणाली ही नाटकं कशाला. मी तिला गच्चीवरचं वाक्य तोवर सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिच्याच लक्षात आलं की ती आत्ताही गप्पच झालीय, आणि हसायलाच लागली.

डॉक्टरांसाठीचा कागदही केला, भेटीच्या आदल्या रात्री भरायचा, अर्धा चित्रांचा आणि खाली "मला विचारायचंय" म्हणून मोकळी जागा. भाचीने लिहिलं, "माझी शुगर जास्त आली तर तुम्ही आईला रागावता का?" डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. ताई बाहेर येऊन मला फोनवर सांगत होती, म्हणाली वीस मिनिटांतली बारा मिनिटं ते हिच्याशीच बोलले, मला काही विचारलंच नाही. जरा नाराज वाटली 😀

@बार्शीकर_बाबा तुमचा मुद्दा डोक्यातून जात नव्हता म्हणून ॲपमधलं सगळं एका कागदावर बसवलंय, काळ्या-पांढऱ्यात, झेरॉक्स काढता येईल असं, फोन नसेल तरी चालेल. पंख्याचं चित्र तुमच्या मुलाला दाखवून विचाराल का, बरोबर आलंय का म्हणून?

---

बार्शीकर_बाबा

दाखवलं. म्हणाला याला तीन पाती आहेत, माझ्या डोक्यातल्या पंख्याला चार असतात. बदलून पाठवा. आणि लॅमिनेशन करता येईल एवढी कडेने जागा सोडा, स्वयंपाकघरात तेलकट हात लागतात.